परत ओलांडलं का?

हिंगोली जिल्ह्यात समुद्र न्हाई. तरी मी सोळा वर्षं नौदलाच्या कमांडो तुकडीत काढली. शिरड शहापूरला लोक इचारतात, पोहायला कुठं शिकलास? विहिरीत, म्हणतो. त्याच्या पुढचं मी सांगत नसतो. आज सांगतो.

सुदाम माझा जोडीदार, जवळच्याच हट्टा गावचा. जहाजावर हजार माणसं, पण मराठवाड्याचे आमी दोघंच. तो मला छळायचा, "राठोड, तू जेवायलाबी फॉल-इन होऊन बसतूस."

त्या दिवशी दुपारी एकला हुकूम आला. बेटांवरून परतणारं प्रवासी जहाज चार अतिरेक्यांनी पळवलं होतं. एक खलाशी मारून समुद्रात टाकला होता. चार वाजता दुसरा माणूस मारू, असं त्यांनी वायरलेसवर सांगितलं होतं.

१५:४० ला आमी मागच्या बाजूनं दोराच्या शिडीनं चढलो. एका टीमकडं इंजिन रूम, आमच्याकडं ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची वरची खोली. सगळ्यात पुढं मी, माझ्यामागं सुदाम.

ब्रिजकडं जाणारा पॅसेज अरुंद. तिथं प्रवासी पालथे झोपवलेले, हात डोक्यावर. मोठ्या माणसांच्या मधून पाय टाकत गेलो. दारापासून दहा पावलांवर एक चारेक वर्षांची पोरगी आडवी पडलेली. बाजूनं जागा न्हाई.

आमच्याकडं निजलेल्या लेकराला ओलांडत न्हाईत. त्याची वाढ खुंटते म्हणतात. चुकून ओलांडलंच, तर उलटं परत ओलांडायचं. ट्रेनिंगमध्ये मी जळत्या टायरावरून उड्या मारल्या, पण तिथं माझा पाय उचलला न्हाई. दोन सेकंद.

"सरक," सुदाम म्हणाला. मला खांद्यानं बाजूला करून त्यानं पोरीला ओलांडलं. तेवढ्यात ब्रिजचं दार उघडलं आणि फायर आला. पडता पडता सुदामनं दारातला माणूस टिपला. तोवर मीही ओलांडलं होतं. आतला दुसरा मी मारला.

१५:५२. "ब्रिज क्लियर. एक जखमी, आपला."

"इंजिन रूम क्लियर. दोन ठार."

प्रवासी सगळे वाचले.

स्ट्रेचर दुसऱ्या दारानं न्यायचं ठरत होतं. मी म्हणालो, "आलो त्याच वाटेनं." पोरगी तशीच पडून होती, तिला ऊठ म्हणायचं कुणाला सुचलंच न्हाई. सुदामला तिच्यावरूनच परत आणलं. तेव्हा नाडी लागत होती. हेलिकॉप्टरमध्ये थांबली.

रिपोर्टमध्ये लिहिलं, पॅसेज अरुंद असल्यानं क्रम बदलला. काहून बदलला, ते कुणी इचारलं न्हाई. त्या दोन सेकंदांची मला आजही लाज वाटते.

तेराव्याला हट्ट्याला गेलो. सुदामच्या मायपुढं बसून सगळं सांगितलं. "माय, पुढं जायचा नंबर माझा होता. पाय उचलला न्हाई."

ती मग म्हणाली, "परत ओलांडलं का त्यानं?"

"व्हय. आमी आणलं त्याला, तिच्यावरूनच."

"मग बराबर झालं."

जहाजावरच्या त्या पोरीचा बाप दरसाल मोबाईलवर तिचा फोटो पाठवतो. तो घेऊन मी हट्ट्याला जातो. यंदा पोरगी बापाच्या खांद्याला लागली. मायला आता नीट दिसत न्हाई. तिनं मोबाईल डोळ्यांपाशी धरला, बोटानं पोरीला डोक्यापासून पायापर्यंत मापलं.

"वाढून राहिली," म्हणाली, आणि मोबाईल सुदामच्या फोटोसमोर धरला.