शैलावहिनी मध्येच उतरल्या

शैलावहिनी मोटरसायकलवर मागे बसल्या की मधुकरभावजींच्या पाठीवर तळहात सपाट ठेवायच्या. धरण्यासाठी नव्हे, ताप आहे का बघावं, तसा. घाटकोपरच्या चाळीत त्यांची खोली आमच्या शेजारची. माहेर मालवणकडचं, आणि इतकी वर्षं मुंबईत काढूनही बोली सुटली नव्हती.

"गाडी आंग झाडता," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते नळावर, हंडा भरताना. रस्ता खडबडीत आला की आधी सीटखाली शिरशिरी येते, मग हँडल डावी-उजवीकडे थरथरतं आणि आपोआप थांबतं. "गुराक माशी बसली की ता कसां कातडां हलयता, तसां." भावजी हसायचे. "हिला सगळ्यात काहीतरी दिसतं. पुढच्या रविवारी गॅरेजला टाकतो, झालं?" तो रविवार काही उजाडला नाही. थरथर मात्र दर फेरीला जरा जास्त टिकायला लागली होती.

चौऱ्याऐंशी साल असावं. वहिनींच्या बहिणीकडे माहुलला बारसं होतं. लहानग्या नंदाला आजीजवळ ठेवून ती दोघं मोटरसायकलवर निघाली, मागून आम्ही नवराबायको स्कूटरवर. टँकरांनी तिथला रस्ता पार दाबून टाकला होता. चाकांच्या जागी लांब चर, मध्ये डांबराचे उंचवटे. भावजींची गाडी एका चरातून बाहेर निघाली आणि हँडल वेड्यासारखं हलायला लागलं. पाय घासत त्यांनी कशीबशी ती उभी केली; मागे आम्हीही थांबलो.

वहिनी उतरल्या.

"बस गं, लोक बघतायत," भावजी म्हणाले.

"बघूंदेत. मी नाय बसणार. गाडी हातात धरून चला. घराक चेडू आसा आपलां, नंदा."

"मग ये चालत!"

रागातच त्यांनी किक मारली. "अहो, सावकाश!" वहिनी ओरडल्या. पुढच्या चराशी हँडल पुन्हा हललं, आणि या वेळी थांबलंच नाही. भावजींनी ब्रेक दाबला असावा. गाडी आडवी झाली, ते कडेच्या दगडांवर फेकले गेले. वहिनींना धावता येईना. माझा दंड घट्ट धरून त्या चालत राहिल्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत भावजी गेले होते.

तेराव्याला सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मागे वजन असतं तर गाडी उडाली नसती. हिनं उतरून माझा मुलगा घालवला." मागच्या वजनाने हँडल उलट जास्तच हललं असतं, असं आमच्या ह्यांनी सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. चाळीत कुजबुज सुरू झाली. एकदा मी धीर करून विचारलं, "वहिनी, तुम्ही बसून राहिला असतात तर?"

त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तर ह्यां तू आज कुणाक इचारलां असतंस?"

पुढे दिराने गाडी ठोकून सरळ करून घेतली आणि गिऱ्हाईक आणलं. लग्न ठरलेला एक तरुण. वहिनींनी त्याला जिन्यात गाठून सगळं सांगितलं. तो आल्या पावली परत गेला. "वाट लावलीत तुम्ही!" दीर भडकला.

नंदाला घेऊन नाहूरला भावाकडे कायमच्या जायच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडीसाठी भंगारवाल्याला बोलावलं. "आख्खी न्यायची नाय. हयसरच, माझ्यासमोर तोड." आतून सासूबाईंच्या शिव्या चालू होत्या. वहिनी छिन्नी-हातोड्यासमोर, नंदाला कडेवर घेऊन, ठिणग्या पायाशी पडत असतानाही उभ्या राहिल्या. हँडल सुटून फरशीवर पडलं.

"आता ने," त्या म्हणाल्या.