ट्रॅफिकचं कारण

ती घटना आठवली की आजही थोडी लाज वाटते.

मी तेव्हा मुलुंड पोलीस ठाण्यात होतो. एका सोसायटीतले गृहस्थ तक्रार घेऊन आले. गाडीत राहिलेल्या बॅगेतून पत्नीच्या चार सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. संशय ड्रायव्हरवर. तो रोज सकाळी साहेबांना अंधेरीच्या ऑफिसात सोडून रिकामी गाडी मुलुंडला परत आणायचा. पन्नाशीचा, मालवणकडचा, नऊ वर्षं नोकरीत.

स्टेशन डायरीत नोंद झाली आणि त्याला समोर बसवलं.

"दहाला अंधेरी सोडलीस, पावणेबाराला मुलुंड. एवढा वेळ?"

"ट्रॅफिक, साहेब. लिंक रोडची वाट लागलेली असते."

जाताना पावणेदोन तास लागतात म्हणून यायलाही तेवढेच लागणार, असं त्या गृहस्थांनी नऊ वर्षं धरलं होतं. पण सकाळची गर्दी अंधेरीकडे जाते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः दहाला अंधेरीहून निघालो. तासाभरात मुलुंड आलं. म्हणजे पाऊण तास गायब होता. त्यातच सोसायटीतल्या दुसऱ्या एका ड्रायव्हरनं खबर दिली, "तो रोज भांडुपला गाडी लावतो, साहेब."

मला वाटलं, माल तिथंच असणार. ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. भांडुपचं नाव काढताच त्याची मान खाली गेली.

"चोरी नाय केली, साहेब. पण हे कळलं तर नोकरी जाईल."

साध्या वेशात त्याच्याबरोबर भांडुपच्या चाळीत गेलो. शेजारीण दारातच होती. मी न विचारताच म्हणाली, "रोज अकराक येता. आवशीक भरवता, कूस बदलता नि पळता."

आत त्याची आई. अर्धं अंग गेलेलं, दुसऱ्या कुणाच्या हातचं खात नसे. तो भात कालवायला बसला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "ह्यो कोण रे?"

"ऑफिसातले साहेब, आई."

"जेवलास काय रे बाबा?" तिनं मला विचारलं.

संध्याकाळी बांगड्या सापडल्या. मेंदी काढताना बाईंनीच पार्लरमध्ये उतरवल्या होत्या आणि पार्लरवालीनं त्या जपून ठेवल्या होत्या. मी गृहस्थांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते ओशाळले. ड्रायव्हरला म्हणाले, "आधी सांगायचं ना रे. बारापर्यंत गाडी लागते कुणाला?"

माणूस वेळेबद्दल खोटं बोलला की त्यानं गुन्हाच केला, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या दिवशी ते सुटलं. आणि एक गोष्ट मलाच टोचली. माझी आई घाटकोपरला भावाकडे राहायची. चेंबूरला घरी जाताना मी रोज तिथूनच जायचो. तिचा फोन आला की म्हणायचो, "आज ट्रॅफिक आहे गं." तो आईकडे जायला ट्रॅफिकचं नाव घ्यायचा आणि मी न जायला.

त्या संध्याकाळी मी गाडी घाटकोपरला वळवली. आईनं दार उघडलं, मला बघितलं आणि विचारलं, "आज ट्रॅफिक नव्हतं?"