नाकाला गूळ
कारखान्याच्या भिंतीवर मुंग्यांची रांग दिसली की मला ती दुपार आठवते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत शाळकरी पोरांसाठी लाकडी ग्लायडरचे तीन किट बनायचे, आणि मालकांना त्यातला एक बंद करायचा होता. कोणता, ते ठरवायला आम्ही तिन्ही ग्लायडर जोडून गच्चीवर नेले. दोन झकास तरंगले. मी आखलेला तिसरा मात्र दर वेळी नाक वर करायचा आणि धपकन पडायचा. "हे बंद," मालक म्हणाले. माझं तोंडच उतरलं. टाकीच्या सावलीत किट भरणाऱ्या मावशी जेवत होत्या. त्या रोज फुलंब्रीहून यायच्या. "आणा इकडं. नाक लई हलकं हाय याचं," असं म्हणत त्यांनी डब्यातला गुळाचा खडा बोटांनी मऊ केला आणि ग्लायडरच्या नाकाला थापला. या खेपेला तो सरळ निघाला, गल्ली ओलांडून समोरच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या मिरच्यांत अलगद उतरला. मालक अनवाणीच जिन्याकडं पळाले, पळता पळता ओरडले, "बंद नाय करायचं, मावशी, हेच भरा!" आता त्या किटमध्ये आम्ही मातीची गोळी देतो. तो पहिला ग्लायडर मात्र भिंतीवर टांगलाय. त्याचा गूळ वर्षभर मुंग्या खातात, आणि दर संक्रांतीला मावशी नवा लावतात.