दगडातल्या बाईचं कपाळ

डार्मश्टाटजवळच्या आमच्या गावातलं चर्च मध्ययुगीन आहे. जाड भिंतींचा बुटका बुरूज, आत टोकदार कमानी आणि उत्तरेच्या भिंतीलगत वालुकाश्मात कोरलेले एक सरदार आणि त्याची बायको, शेजारी शेजारी झोपलेले. शनिवारी दुपारी चर्च उघडून लोकांना दाखवायचं काम मी हौसेने करते. माझ्याकडे किल्ली द्यायला काही जणांचा विरोध होता. तेव्हा क्युस्टर, म्हणजे चर्चची देखभाल करणारे गृहस्थ, माझ्या बाजूने बोलले होते.

त्या शनिवारी पुण्याहून आलेल्या सासूबाई बरोबर होत्या. मी माहितीपत्रकं मांडून वळले, तर दगडी बाईच्या कपाळावर कुंकू.

"अहो आई, हे काय केलंत?"

"नवरा शेजारी आणि कपाळ मोकळं. बरं दिसत नव्हतं."

"कोरडं लावलंत की ओलं?"

"ओलं. कोरडं टिकतंय होय?"

म्हणजे रंग दगडात शिरला होता. त्या पदर भिजवायला निघाल्या, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. पाण्याने डाग आणखी खोल गेला असता. मी प्रयोगशाळेत नोकरी करते, एवढं मला कळतं. वर वाळलेलं सुटं कुंकू मऊ ब्रशने काढलं. मसुराएवढा लाल ठिपका राहिला.

पहिला गट यायला वीस मिनिटं होती. तो कोपरा अंधारा आहे. दिवा लावला नसता, तर कुणाला काही दिसलं नसतं. दोन मिनिटं मी तोच विचार केला. मग क्युस्टरना फोन लावला.

त्यांनी येऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं. "पाणी लावलं?"

"नाही."

"बरं केलंत." ते पुन्हा ठिपक्यावर वाकले.

सासूबाई पुढे होऊन मराठीतच म्हणाल्या, "मी लावलं. हिला बोलू नका."

त्यांनी सासूबाईंच्या कपाळाकडे पाहिलं. मला भाषांतर करावं लागलं नाही. "यात काय असतं?" त्यांनी मला विचारलं. हळद की नुसता रंग, मला सांगता येईना. तपासणीसाठी कुंकवाची डबी द्यावी लागली. डबी खिशात टाकून क्युस्टरनी पुन्हा हात पुढे केला.

"आता आणखी काय हवंय त्याला?" सासूबाई म्हणाल्या.

"किल्ली, आई."

ती मी दिली.

दगडकामाच्या तज्ज्ञ बाईंना डाग काढायला दोन खेपा लागल्या. नंतर किल्ली परत मिळाली, पण शनिवारी आता माझ्याबरोबर आणखी एक जण असतो. मी हरकत घेतली नाही. त्यांच्या जागी असते, तर मीही हेच केलं असतं.