एक ठिपका रंगेना

पुराव्याशिवाय स्वतः एक अक्षर न बोलणारा आणि दुसऱ्यालाही बोलू न देणारा माणूस या भूतलावर एकच असावा, आणि अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात तो नेमका माझ्या वाट्याला रूममेट म्हणून आला. मी तिथं धातूंवर पीएचडी करत होतो, तो शुद्ध गणितात. 'शुद्ध' हा शब्द त्यानं पहिल्याच भेटीत असा उच्चारला, की माझ्या विषयात भेसळ आहे हे मला आपोआप कळलं. "दूध संपलं," असं मी म्हटलं की तो विचारायचा, "संपलं, की तुला दिसलं नाही?" मग स्वतः फ्रिज उघडून, अगदी भाजीच्या कप्प्यापर्यंत तपासून तो शांतपणे जाहीर करायचा, "संपलंय." त्यानंतरच आमच्या घरातलं दूध अधिकृतपणे संपायचं. भांडी घासायची पाळी आली की मात्र हाच माणूस सिंककडे एक नजर टाकून म्हणायचा, "हे होण्यासारखं आहे," आणि खोलीत निघून जायचा. एखादी गोष्ट होऊ शकते हे एकदा कळलं, की ती प्रत्यक्ष करणं त्याला हलक्या दर्जाचं काम वाटे.

या स्वभावापायी त्याची ड्रायव्हिंग टेस्ट गेली. चार रस्ते मिळतात तिथल्या स्टॉपवर गाड्या एकाच वेळी आल्या, तर आपल्या उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, असा तिथला नियम. त्या दिवशी दुर्दैवानं चारही बाजूंनी गाड्या एकदमच आल्या. यानं ब्रेकवर पाय ठेवला आणि शेजारच्या परीक्षक बाईंना समजावून सांगायला घेतलं, की प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी आहेच, तेव्हा नियम पाळायचा तर आपल्यापैकी कोणीच इथून कधी हलू शकत नाही. बाईंनी ऐकून घेतलं. तोवर बाकीच्या गाड्या एकमेकींना हात दाखवत निघून गेल्या. "आता इथे फक्त आपण आहोत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर खूण केली. घरी येऊन तो मला म्हणाला, "नियम त्यांनी तोडला यार, आणि नापास मी."

सांगलीहून त्याची आई व्हिडिओ कॉल करायची. मुलाकडून धड काही कळत नाही म्हटल्यावर तिनं मला गाठलं. "नक्की करतो काय रे तो तिकडे?"

"काकू, एक गणित सोडवतोय."

"एकच? एवढी वर्षं?" त्या म्हणाल्या. "शाळेत तर पटापट सोडवायचा रे. तिकडचं पाणी मानवत नाहीये का त्याला?"

ते एक गणित असं होतं. कागदावर ठिपके काढायचे, काही ठिपके रेषांनी जोडायचे. एका विशिष्ट जातीचं जाळं कितीही मोठं काढलं, तरी त्यातले सगळे ठिपके तीनच रंगांत रंगवता येतात आणि जोडलेल्या दोन ठिपक्यांना कधी एकच रंग द्यावा लागत नाही, अशी त्याच्या गाइडची अटकळ होती. गाइड म्हणजे उन्हाळ्यातही लोकरीची टोपी घालणारे एक वृद्ध प्रोफेसर. ही अटकळ त्यांना ऐन तारुण्यात सुचली होती, पुढे तिच्यावर आयुष्य गेलं, पण सिद्ध झाली नव्हती. ती सिद्ध करून त्यांच्या हातात ठेवायची आणि मगच डिग्री घ्यायची, असं आमच्या गणितीनं ठरवलं होतं.

आणि एका वसंतात त्यानं ती सिद्ध केली. डिपार्टमेंटमध्ये त्याचं व्याख्यान ठरलं. मी शेवटच्या रांगेत बसलो, कारण बिस्किटांचं टेबल तिथं होतं. तो सुरेख बोलत होता, फळ्यावर ओळीमागून ओळ उतरत होती, प्रोफेसरांची टोपी समाधानानं डुलत होती. एक ओळ लिहिता लिहिता तो थांबला. फळ्याकडे तोंड करूनच वरच्या ओळी पुन्हा वाचत गेला. मग म्हणाला, "ही स्टेप चुकीची आहे." सभागृहात कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तो पुढं गेला असता तर टाळ्या पडल्या असत्या. त्यानं मात्र खडू ठेवला, सगळ्यांची माफी मागितली आणि जाऊन बसला. घरी येताना बसमध्ये मी म्हटलं, "अरे, नंतर गुपचूप दुरुस्त केलं असतंस." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा स्टॉप येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर तो काही आठवडे जवळजवळ बोललाच नाही. दूध संपलं म्हटलं तर नुसता "बरं" म्हणायचा. मला काळजी वाटायला लागली. मग एका शनिवारी मी बाहेरून आलो, तर हॉलच्या कार्पेटवर सुतळीचं भलंमोठं जाळं पसरलेलं. तीन रंग म्हणून त्यानं ठिपक्यांवर राजमा, काबुली चणे आणि हिरवे मूग मांडले होते. गावात भारतीय किराणा मालाची दुकानं जेमतेम, हे सामान मी पिट्सबर्गहून आणलेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यानं मधल्या एका रिकाम्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

"यावर काहीच बसत नाही. राजमा ठेवला तर इकडे अडतं, चणा ठेवला तर तिकडे. पुन्हा पहिल्यापासून मांडलं तरी कुठेतरी एक उरतोच."

"मग वाटाणा ठेव."

"तेच तर," तो हळूच म्हणाला. "वाटाणा लागतो, म्हणजे चौथा रंग. सरांची अटकळ खोटी आहे."

जी स्टेप फळ्यावर मोडली होती, तिनंच त्याला या जाळ्यापर्यंत आणलं होतं. जगातला दुसरा कोणी गणिती अशा वेळी नाचला असता. हा मात्र सोफ्यावर बसून मला विचारत होता, "सरांना कसं सांगू?" पुढचे काही दिवस मी प्रोफेसर व्हायचो आणि तो माझ्यासमोर तालीम करायचा. दर वेळी "सर, हवा छान आहे," याच्यापुढे गाडी सरकायची नाही. शेवटी मीच ईमेल करून त्यांना चहाला बोलावलं.

प्रोफेसर आले, बूट काढले आणि कार्पेटवर गुडघे टेकून बसले. त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते एकेक दाणा उचलून दुसरीकडे ठेवत होते, अडले की मागं येत होते, पुन्हा नव्यानं मांडत होते. आमचा चहा गार झाला. माझा मित्र भिंतीला टेकून उभा होता. खूप वेळानं त्यांनी हातातला मूग खाली ठेवला आणि टोपी काढली. ती काढलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"हे खरं का आहे, ते शोधण्यात माझं आयुष्य गेलं," ते म्हणाले. "मला वाटायचं, माझी बुद्धी कमी पडतेय." मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "फोटो काढलास ना? मग आता याचं काय करतात तुमच्याकडे?"

आम्ही त्याची उसळ केली. सगळे दाणे रात्रभर एकत्र भिजवले, दुसऱ्या दिवशी शिजवले, वर कांदा-लिंबू, आणि प्रोफेसरांना जेवायला बोलावलं. आपल्या आयुष्यभराच्या अटकळीचा पाडाव त्या गृहस्थांनी दोनदा वाढून घेतला. काकूंना मी फोनवर सांगितलं, की गणित सुटलं, म्हणजे ते चूक होतं हे सिद्ध झालं, आणि त्यासाठी डॉक्टरेट मिळतेय. "मग पेढे वाटायचे की नाही, तेवढं सांग," त्या म्हणाल्या.

डिग्री घेऊन तो टेक्ससला शिकवायला गेला. मी माझं संपवत मागं राहिलो. हिवाळ्यात एकदा कॅम्पसच्या बस स्टॉपवर प्रोफेसर भेटले. त्यांनी मला ओळखलं, याचंच मला नवल वाटलं. "त्याचा काही फोन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बरेच दिवस नाही."

"मलाही नाही. म्हणजे कुठल्यातरी गणितात चांगला अडकलाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मग बर्फानं भरलेल्या रस्त्याकडे बघत ते पुटपुटले, "डिपार्टमेंट फार शांत झालंय हल्ली." घरही झालंय, असं मला म्हणायचं होतं. पण बस आली. मी त्यांना आधी चढू दिलं, आणि त्यांचा स्टॉप येईपर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून राहिलो.