कणगीतला एमआरआय

आता काय लपवू तुमच्यापासून? हसायचं तर आधीच हसून घ्या, कारण ही चूक माझी एकटीची!

माझी नात चिऊ, सहा वर्षांची. तिच्या डोक्यावर, केसांत, चिंचोक्याएवढी गाठ. डॉक्टर म्हणाले, "काढून टाकू. पण आधी एमआरआय. गाठ कवटीच्या वरच आहे की हाडातून आत गेलीय, ते बघायला हवं. पोर हलली नाही, तर भूल द्यावी लागणार नाही."

'आत' म्हटल्यावर मी तिथल्या तिथे देवाला नारळ बोलले. आणि चिऊ न हलता राहणार? अहो, ती झोपेतसुद्धा घरभर फिरते!

मुलाने मोबाईलवर मशीन दाखवलं. मोठं गोल भोक, आत झोपायचं, आणि नुसती ढणढण. एवढंच ना? आमच्या आटगावच्या घरी भात साठवायची बांबूची कणगी रिकामीच होती. ती आडवी केली, आत गोधडी घातली, गोधडीवर चिऊ. बाहेरून मी परातीवर लाटणं बडवायची.

"अगो, पोरीला कणगीत भरतेस काय?" आमचे हे ओरडले.

"तुमी गप बसा. सराव चाललाय!"

नियम दोनच. आवाज चालू असताना जो हलेल, त्याला लाडू नाय. आवाज थांबला की बाहेर यायचं. आठवडाभरात चिऊ कणगीत धोंड्यासारखी पडून राहायला लागली. मी काय फुगले होते म्हणून सांगू!

ठाण्याला गेलो. मंगळसूत्र, जोडवी, पिना, सगळं काढून मी तिच्या पायाशी बसले. मशीन सुरू झालं. चिऊ ढिम्म! आणि मध्येच मशीन थांबलं.

चिऊ लागली की सरपटत बाहेर यायला! "आजी, लाडू!"

फोटो काढताना ते मध्ये मध्ये थांबतं, हे मला कुठं ठाऊक? दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच.

मशीनवाला दादा वैतागला. "आजी, आता भूलच द्यावी लागणार."

"थांबा हो दादा, एकदाच!"

मग मशीन थांबलं रे थांबलं, की मी तोंडाने सुरू. "ढण्! ढण्! ढण्!" माझे कान त्यांनी दिलेल्या हेडफोनने झाकलेले, डोळे घट्ट मिटलेले. पोर हलली नाही.

किती वेळ ओरडत होते, देव जाणे. कोणीतरी माझा खांदा हलवला. बघते तर मशीन केव्हाच बंद, चिऊ समोर उभी, आणि फोटो बघून आलेले डॉक्टर पोट धरून हसतायत.

"आजी, तीनदा सांगितलं! गाठ वरवरच आहे. आत काही नाही!"

मी बसल्या जागेवरून उडीच मारली.

"आजी हलली!" चिऊ किंचाळली. "आजीला लाडू नाय!"

तिने डॉक्टरांना एक दिला, मशीनवाल्या दादाला एक दिला. मला दिला नाय तो नायच!