बलविंदरच्या नावाने काढलेला एक्स-रे

टीबी झाला होता माझ्या नवऱ्याला, पण झाल्याचं सांगितलं गेलं बलविंदरला. बलविंदर आमचा गनमन. डॉक्टर, म्हणजे आमचे हे, पंजाबात आमदार होते. ते दहशतवादाचे दिवस, जिवाला धोका म्हणून सरकारने दोन शिपाई दिले होते, त्यातला हा एक.

मी मूळची वर्ध्याची, नर्स. चंदीगडला नोकरीला आले, तिथेच डॉक्टर भेटले. लग्नानंतर त्यांच्या गावात वीस वर्षं छातीच्या आजारांचा दवाखाना चालवला. त्याच पेशंटांनी त्यांना निवडून दिलं, आणि आम्ही पुन्हा चंदीगडला राहायला आलो. विधानसभेत यांचा एकच हट्ट, गावोगावी टीबीची औषधं पोचवा. आणि शिबिरात भाषण ठरलेलं, की हा आजार लपवू नका, बरा होतो. अहो, केवढ्या तळमळीने सांगायचे!

त्या हिवाळ्यात त्यांनाच खोकला लागला. संध्याकाळी कणकण यायची, शर्ट ढगळ व्हायला लागले. तपासून घ्या म्हटलं की म्हणायचे, धुळीचा खोकला आहे. डॉक्टर, त्यातून आमदार. ऐकतात कुणाचं?

तपासणी त्यांनी केली होती, पण गुपचूप. छातीचा एक्स-रे आणि स्पुटम, म्हणजे बेडका. बातमी फुटू नये म्हणून फॉर्मवर नाव-पत्ता घातला बलविंदरचा, आमच्या घरामागच्या खोलीचा. रिपोर्ट आपणच आणू, असा विचार. तेवढ्यात मतदारसंघात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. दुसऱ्या गनमनला घेऊन हे तिकडे धावले ते पंधरा दिवस अडकले. बलविंदर आमच्या राखणीला घरी राहिला.

मधल्या काळात काय घडलं ते मला नंतर कळलं. क्षयरोग केंद्राचा माणूस पत्ता शोधत आला आणि बलविंदरच्या हातात उपचाराचं कार्ड ठेवून गेला. त्याच महिन्यात पोलिसांची वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली होती, तिचाच हा निकाल असं वाटून त्याला शंकाच आली नाही.

मला एवढंच दिसत होतं की तो लांबून बोलतो, चहा बाहेर ठेवा म्हणतो. सहा महिन्यांच्या मुलीला आणि बायकोला त्याने पिंजौरला माहेरी पाठवून दिलं. मला वाटलं, भांडले असतील. मग एके दिवशी तो लंगडताना दिसला. कमरेत रोज इंजेक्शन घेणारा माणूस कसा चालतो ते नर्सला सांगावं लागत नाही. मी खोदून विचारलं तेव्हा तो रडायलाच लागला.

"बीबीजी, किसी को मत बताना. नौकरी चली जाएगी."

मी कार्ड बघितलं. वय बावन्न, वजन अठ्ठावन्न किलो. बलविंदर अठ्ठावीस वर्षांचा, दारात उभा राहिला तर दार भरायचं. बावन्न वर्षांचं आमच्या घरात एकच माणूस होतं. नाव खोटं लिहिताना यांचा हात अडला नाही, पण वय आणि वजन काही खोटं लिहवेना. औषधाचा डोस त्यावर ठरतो ना! असला गाढवपणा डॉक्टरच करू जाणे.

हे परत आले तशी मी तोंडाला येईल ते बोलले. स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनने कान जाऊ शकतात. ते धडधाकट माणसाला दहा-बारा दिवस! धमकीची पत्रं हसत वाचणारा माझा नवरा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मैं डर गया था." मला त्यांचा राग आला होता आणि त्यांना कुशीत घ्यावंसंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओपीडीच्या रांगेत स्वतःच्या नावाने उभे राहिले. बलविंदरचे कान तपासले, छाती तपासली. सगळं ठीक निघालं. मी तिथल्याच बाकावर बसून रडले.

पुढे वर्षभर औषधं घेऊन डॉक्टर पूर्ण बरे झाले. मधेच विधानसभा बरखास्त झाली, आमदारकी गेली, ते पुन्हा दवाखान्यात बसायला लागले. तुमच्या घरात कुणी असं लपवत असेल तर भिडेला पडू नका, सरळ भांडा. माझं चुकलं ते एवढंच, मी उशिरा भांडले.

पण मला सांगायचंय ते पिंजौरचं. ओपीडीत गेलो त्याच दुपारी आम्ही तिघं तिकडे गेलो. डॉक्टर तोंडाला रुमाल बांधून अंगणाबाहेरच थांबले. बलविंदरच्या बायकोला, मनजीतला, त्यांनी तिथूनच हात जोडून सगळं सांगितलं. "बीमारी मेरी थी, बेटी. कसूर भी मेरा."

ती आत गेली आणि मुलीला घेऊन आली. बलविंदर सवयीने दोन पावलं मागे सरला. तिने पुढे होऊन मुलगी त्याच्या हातात दिली. त्याने मुलीच्या पोटात तोंड खुपसलं. ती खिदळायला लागली.

मग मनजीत डॉक्टरांकडे वळली. मला वाटलं, आता ही बोलेल, आणि तिने बोलायलाच हवं होतं.

ती म्हणाली, "डॉक्टर साब, आपने दवाई शुरू की?"